आठ वाजून बत्तीस मिनिटं



ज्वालामुखीचं चित्र काढा म्हटलं की सगळा वर्ग एकच चित्र काढतो. त्रिकोणी डोंगर, माथ्यावर भोक, त्यातून ओघळणारा लाल-केशरी रस आणि पायथ्याशी दोन्ही हात वर करून पळणारी काडीसारखी माणसं. चित्र काही चुकीचं नाही, पण ते एकाच जागी उभं राहून काढलेलं असतं. शिवाय आज ज्या डोंगराची गोष्ट सांगणार आहे, त्याच्यासाठी तुमचा लाल खडू काही उपयोगाचा नाही. त्या दिवशी तिथं लाल रस वाहिलाच नाही! तरीही त्यात ५७ माणसं गेली.

डोंगराचं नाव माउंट सेंट हेलेन्स. अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात वॉशिंग्टन नावाचं राज्य आहे (राजधानीचं वॉशिंग्टन शहर वेगळं, ते पार दुसऱ्या टोकाला), तिथला हा डोंगर. उंची २९५० मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या जवळजवळ पावणेदोनपट. माथ्यावर बारा महिने बर्फ आणि आकार इतका रेखीव की लोक त्याला अमेरिकेचा फुजियामा म्हणत. पायथ्याशी स्पिरिट लेक नावाचं निळंशार तळं आणि भोवती उंचच उंच सूचिपर्णी झाडांचं जंगल. १८५७ पासून डोंगर गप्प होता. तिथल्या मूळ रहिवाशांना, काउलिट्झ जमातीच्या लोकांना, मात्र त्याचा स्वभाव ठाऊक होता. त्यांनी त्याला दिलेल्या नावाचा अर्थच मुळी ‘धूर सोडणारा’ असा होतो.

२० मार्च १९८० रोजी डोंगराखाली भूकंप झाला. मग रोजच जमीन हादरू लागली. २७ मार्चला माथ्यावर वाफेचा स्फोट होऊन नवं विवर पडलं. आणि मग सुरू झाली सगळ्यांत चमत्कारिक गोष्ट : डोंगराची उत्तरेकडची बाजू फुगायला लागली. आत खालून शिलारस वर चढत होता, त्याला तोंड सापडत नव्हतं, म्हणून तो डोंगराच्या कुशीत शिरून तिला बाहेर ढकलत होता. रोज दीड-दोन मीटर! म्हणजे रोज एका माणसाच्या उंचीइतका डोंगर पुढे सरकत होता.

हे कुणी मोजलं? तिथूनच सुरुवात करू.

डेव्हिड जॉन्स्टन हा तीस वर्षांचा भूवैज्ञानिक. डोंगराच्या माथ्यापासून साधारण १० किलोमीटरवर एका कड्यावर एक चाकांची खोली, म्हणजे ट्रेलर, उभी केली होती. तिथून लेसर किरण सोडून त्या फुगवट्याचं अंतर मोजायचं आणि बिनतारी यंत्रावरून कचेरीला कळवायचं, हे काम. खरं तर त्या ठिकाणी दोन आठवडे हॅरी ग्लिकेन नावाचा बावीस वर्षांचा विद्यार्थी राहात होता. त्याला आपल्या प्राध्यापकांना भेटायला जायचं होतं, म्हणून शनिवारी, १७ मे रोजी, जॉन्स्टन त्याच्या जागी आला. एका रात्रीचा तर प्रश्न होता.

जॉन्स्टनला भीती वाटत नव्हती असं मुळीच नाही. हा डोंगर किती धोक्याचा आहे हे त्याला इतरांपेक्षा जास्त कळत होतं. लोकांना आत सोडू नका असं ठासून सांगणाऱ्यांपैकी तो एक होता. १९५६ साली रशियातल्या बेझिम्यान्नी ज्वालामुखीचा स्फोट आडवा, कुशीतून झाला होता, हे वैज्ञानिकांनी वाचलेलं होतं. पण इथं तसंच होईल का? झालं तर कधी? आज? महिन्याभरानं? की कधीच नाही? याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. यंत्रं फक्त एवढंच सांगत होती की फुगतंय, फुगतंय, फुगतंय.

आता डोंगराच्या दुसऱ्या शेजाऱ्याकडे चला. स्पिरिट लेकच्या काठी एक विश्रामगृह होतं. त्याचे मालक हॅरी ट्रूमन, वय ८३. (अमेरिकेचे एक अध्यक्षही हॅरी ट्रूमनच. योगायोग, दुसरं काही नाही.) पन्नासहून जास्त वर्षं हे आजोबा तिथं राहात होते. पत्नी काही वर्षांपूर्वी वारली होती. घरात ते आणि त्यांची सोळा मांजरं. पोलीस आले, अधिकारी आले, सगळ्यांनी विनवलं. आजोबांनी ठाम नकार दिला. हा डोंगर माझा आहे, तो मला काही करणार नाही, असं त्यांचं म्हणणं. वर्तमानपत्रांत त्यांचे फोटो छापून आले. शाळाशाळांतून मुलांची पत्रं येऊ लागली. ती वाचून आजोबा हळवे व्हायचे. पण घर काही सोडलं नाही.

हट्टी म्हणायचं की शूर? मला विचाराल तर दोन्हीही नाही. ज्या घरात पन्नास वर्षं गेली, ते सोडून ८३ व्या वर्षी कुठं जायचं, हा प्रश्न सोपा नाही. तुमच्या आजीला गावचं घर सोडून शहरात यायला सांगून बघा, म्हणजे कळेल. फरक इतकाच की आजीच्या घरामागे रोज दीड मीटर पुढे सरकणारा डोंगर नाही.

तिसरी मंडळी म्हणजे तळ्याभोवती ज्यांची छोटी-छोटी घरं होती ती. सरकारनं तो भाग बंद केलेला. दारं-खिडक्या उघड्या राहिल्या असतील, सामान आत पडलेलं, आणि डोंगर तर आठवड्यामागून आठवडे नुसता फुसफुस करतोय. ‘लांडगा आला रे आला’ची गोष्ट तुम्हांला ठाऊक आहेच. त्या गोष्टीतला मुलगा खोटं बोलत होता. इथले वैज्ञानिक खरं बोलत होते, पण लांडगा काही येत नव्हता. लोक चिडले. आमच्या घरात आम्हांला जाऊ देत नाही म्हणजे काय? शेवटी १७ मेच्या शनिवारी सुमारे पन्नास गाड्यांना पोलीस बंदोबस्तात आत सोडलं. जितकं मावेल तितकं सामान गाडीत भरायचं आणि संध्याकाळच्या आत बाहेर यायचं. उरलेल्यांसाठी दुसरी फेरी ठरली, ती रविवारी सकाळी १० वाजता.

रविवार उजाडला. आकाश स्वच्छ. सकाळी ७ वाजता जॉन्स्टननं मोजमाप कळवलं. विशेष काही नाही.

त्याच वेळी एका लहानशा विमानातून कीथ आणि डोरोथी स्टॉफेल हे भूवैज्ञानिक जोडपं डोंगर पाहायला निघालं होतं. माथ्याभोवती एक-दोन चकरा झाल्या. डोंगर शांत. परत फिरायच्या बेतात असताना त्यांना विवराच्या कडेचे बर्फाचे आणि दगडांचे तुकडे आत घसरताना दिसले. घड्याळात ८ वाजून ३२ मिनिटं झाली होती. ५.१ तीव्रतेचा भूकंप झाला होता, पण हवेत असणाऱ्यांना तो कसा कळणार? काही सेकंद गेले आणि त्यांच्या डोळ्यांखाली डोंगराची अख्खी उत्तर बाजू लाटेसारखी हलायला लागली. हलली आणि घसरली. मानवानं पाहिलेली आणि नोंदवलेली ही सर्वांत मोठी दरड. अडीच घन किलोमीटर डोंगर एका दमात खाली निघाला!

आता गोटी सोड्याची बाटली आठवा. आत वायू दाबून भरलेला असतो, तोवर पाणी कसं निवांत दिसतं. गोटी दाबली की फस्स. इथं गोटी वरची नाही, बाटलीची कूसच फुटली. फुगवट्याचं ओझं निघून गेल्याबरोबर आतला दाबलेला शिलारस, वाफ आणि वायू बाजूनं सुटले. उत्तरेकडे, आडवे, जमिनीला धरून. दगड, राख आणि तापलेली हवा यांचा तो ढग ताशी ४८० किलोमीटरहून अधिक वेगानं निघाला, आणि त्याचं तापमान होतं ३५० अंशांपर्यंत.

स्टॉफेल यांच्या विमानामागे तो ढग लागला. वैमानिकानं विमानाचं नाक खाली केलं, वेग घेतला आणि दक्षिणेकडे वळवलं. दक्षिणेकडे वळवलं म्हणून ती तिघं वाचली. नंतर त्यांनी सांगितलेली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. डोंगर फुटला तेव्हा त्यांना काहीही ऐकू आलं नाही. मूकपट पाहावा तसं सगळं.

खाली कड्यावर डेव्हिड जॉन्स्टननं बिनतारी यंत्र उचललं. ‘व्हँकूवर! व्हँकूवर! हीच ती वेळ!’ (हे व्हँकूवर कॅनडातलं नव्हे. वॉशिंग्टन राज्यातही त्याच नावाचं गाव आहे, तिथं त्यांची कचेरी होती.) हे शब्द कचेरीपर्यंत पोचलेच नाहीत. हौशी बिनतारीवाल्यांनी ते ऐकले, म्हणून आज आपल्याला ठाऊक आहेत. जॉन्स्टनचं शव कधीच सापडलं नाही. त्याच्या ट्रेलरचे तुकडे सापडले, तेही १९९३ साली, रस्त्याचं काम चालू असताना.

दरडीचा एक भाग स्पिरिट लेकमध्ये कोसळला. तळ्याचं पाणी समोरच्या उतारावर २६० मीटरपर्यंत चढलं आणि परत येताना हजारो झाडं घेऊन आलं. त्यातले ओंडके आजही तळ्यावर तरंगताहेत. ट्रूमन आजोबांचं घर, ते स्वतः आणि त्यांची सोळा मांजरं ढिगाऱ्याखाली कायमची गाडली गेली.

डोंगरापासून १८ किलोमीटरवर बेअर मेडो नावाच्या मोकळ्या जागी काही मित्र तंबू ठोकून राहिले होते. त्यांच्यापैकी एकाचा कॅमेरा तिकाटण्यावर डोंगराकडे तोंड करून तयार होता. कुणीतरी ओरडलं, त्यानं धडाधड बटण दाबलं आणि मग सगळे गाडीत बसून सुटले. एका कड्याच्या आडोशामुळं तो ढग त्यांच्यापर्यंत पोचता-पोचता राहिला. ती चित्रं एकामागून एक लावली की डोंगर कसा फुटला हे सेकंदासेकंदानं दिसतं. वैज्ञानिकांना हा आडवा स्फोट समजला तो बराचसा या हौशी माणसाच्या फिल्ममुळे.

दुसरा छायाचित्रकार, रॉबर्ट लँड्सबर्ग, इतका नशीबवान नव्हता. तो डोंगरापासून काही किलोमीटरवरच होता. राखेचा ढग आपल्या दिशेनं येतोय आणि आपण पळून पुरे पडणार नाही, हे त्याला कळलं. तरी जमेल तितका वेळ तो चित्रं घेत राहिला. मग त्यानं फिल्म पुन्हा गुंडाळली, कॅमेरा पेटीत घातला, तो पाठपिशवीत ठेवला आणि त्या पिशवीवर तो पालथा झोपला. सतरा दिवसांनी त्याचं शव सापडलं. खाली फिल्म शाबूत होती. ‘नॅशनल जिऑग्रफिक’ मासिकानं जानेवारी १९८१ च्या अंकात ती छापली. फोनमध्ये रोज पन्नास फोटो काढणाऱ्या आपल्या घरच्या मंडळींना ही हकिगत जरूर वाचून दाखवा.

आता थोडं लांब जाऊ. डोंगराच्या पूर्वेला साधारण १३५ किलोमीटरवर याकिमा हे शहर. सफरचंदांसाठी प्रसिद्ध. इथल्या लोकांना डोंगर फुटल्याचं कळलं ते असं : रविवारची सकाळ, साडेनऊच्या सुमाराची वेळ, आणि पश्चिमेकडून एक काळा ढग आला. लोकांना वाटलं, वळीव येणार. वीजही चमकत होती. (राखेचे कण एकमेकांवर घासले की ढगात वीज तयार होते.) पण पडायला लागला तो पाऊस नव्हता. करडी पूड पडत होती. बघता बघता भर सकाळी मध्यरात्रीसारखा अंधार झाला आणि रस्त्यावरचे दिवे आपोआप लागले.

ही राख म्हणजे आपल्या चुलीतली राख नव्हे हं. चुलीतली राख पाण्यात कालवली की भांडी घासता येतात. ही म्हणजे दगडाची आणि काचेची पूड. पाण्यात विरघळत नाही, उलट भिजली की सिमेंटसारखी जड होते. पाइपानं धुवायला गेलं तर गटारं तुंबतात. मोटारीच्या यंत्रात शिरली की गाडी बंद. लोक नाका-तोंडावर फडकी बांधून फिरत होते. (२०२० सालचे मास्क आठवले ना?) याकिमा शहर साफ करायला दहा आठवडे लागले. त्याहून पुढे रिट्झव्हिल नावाचं लहानसं गाव आहे. तिथं महामार्गावर इतके प्रवासी अडकून पडले की गावातल्या माणसांइतकेच जवळजवळ पाहुणे! शाळेत, चर्चमध्ये, लोकांच्या घरांत त्यांची सोय केली. काही दिवस जेवणावळी चालल्या. डोंगर तिथून दिसतसुद्धा नाही.

आवाजाचं कोडं अजून राहिलंच. विमानातल्यांना आवाज आला नाही. जवळच्या पोर्टलंड शहरालाही आला नाही. आणि शेकडो किलोमीटर दूर कॅनडात, मॉन्टानात लोकांना तोफा डागल्यासारखे धमाके ऐकू आले! याचं कारण असं, की आवाज आधी वर गेला. वर हवेच्या थरांचं तापमान वेगवेगळं असतं, त्यामुळं आवाजाची वाट वाकते आणि तो कमानीसारखा लांब कुठेतरी जमिनीवर उतरतो. कमानीखाली असलेल्यांच्या डोक्यावरून तो निघून जातो. म्हणजे या डोंगराच्या बाबतीत ‘ज्यानं पाहिलं त्यानं ऐकलं नाही आणि ज्यानं ऐकलं त्यानं पाहिलं नाही’ असा प्रकार झाला. पोलिसांत साक्ष द्यायची वेळ आली असती तर काय गंमत झाली असती!

स्फोट सुमारे नऊ तास चालला. राखेचा खांब २४ किलोमीटर उंच गेला. ६०० चौरस किलोमीटरांवरचं जंगल उद्‌ध्वस्त झालं, झाडं एकाच दिशेला विंचरल्यासारखी आडवी. संध्याकाळी डोंगर ४०० मीटरनं बुटका झालेला होता. लाल रस मात्र नाही. का? कारण तिथला शिलारस चिक्कीच्या पाकासारखा घट्ट. तो वाहात नाही, अडकतो, आणि वायू कोंडून फुटतो. आपल्या सह्याद्रीचा लाव्हा काकवीसारखा पातळ होता, म्हणून ६.६ कोटी वर्षांपूर्वी तो भेगांतून निघून लांबलांब पसरला आणि थरावर थर बसले. लोणावळ्याच्या घाटात जे काळ्या खडकाचे पायऱ्या-पायऱ्यांचे डोंगर दिसतात, ते तेच. गंमत म्हणजे याकिमा शहराखालचा खडकही आपल्यासारखाच, पातळ लाव्ह्याचा बेसॉल्ट आहे. फक्त आपल्याहून खूप नंतरचा.

त्या दिवशी रविवार होता म्हणून जंगलात लाकूडतोड बंद होती. कामाचा दिवस असता तर ३०० हून जास्त कामगार आत असते. आणि रविवारी १० वाजता निघणारी ती दुसरी फेरी? ती माणसं घरून निघायच्या तयारीत होती. दीड तासानं वाचली. आदल्या दिवसापर्यंत ज्यांना ती शिव्या देत होती, त्यांनीच रस्ता बंद ठेवला होता. पण दुसरी बाजूही सांगायला हवी. मेलेल्यांपैकी बहुतेक जण बंदीच्या रेषेच्या बाहेर होते. नियम पाळून, सुरक्षित समजल्या गेलेल्या जागी. रेषा नकाशावर आखताना ती अपुरी पडली.

हॅरी ग्लिकेनचं काय झालं? जॉन्स्टन गेल्याचं कळताच तो हेलिकॉप्टरनं पुन्हा पुन्हा शोधायला गेला. ओळखीची जागाच उरली नव्हती. पुढं त्यानं त्याच दरडीचा अभ्यास केला, काही वर्षं ती पायी तुडवली, आणि अशा दरडी कशा ओळखायच्या हे जगाला शिकवलं. ३ जून १९९१ रोजी जपानमधल्या उन्झेन ज्वालामुखीवर काम करत असताना तापलेल्या ढगात सापडून तो गेला. बारा दिवसांनी, १५ जूनला, फिलिपीन्समधला पिनाटुबो फुटला, सेंट हेलेन्सपेक्षा कितीतरी मोठा. पण या वेळी वैज्ञानिकांनी वेळेवर इशारा दिला आणि तो लोकांनी ऐकला. निदान पाच हजार जीव वाचले, असा अंदाज आहे. इशारा देणाऱ्या पथकात सेंट हेलेन्सवर शिकलेली माणसं होती.

आता शेवटचा साक्षीदार, ज्याची मुलाखत कुणी घेतली नाही. गोफर. आपल्या घुशीसारखा बिळं करून राहणारा प्राणी. स्फोटाच्या वेळी बरेच गोफर जमिनीखाली होते, म्हणून जगले. वर आले तर सगळं करडं वाळवंट. त्यांनी आपलं नेहमीचं काम सुरू केलं : माती उकरायची. त्यामुळं खालची जुनी सुपीक माती, तिच्यातली बुरशी आणि जंतू वर आले. १९८३ साली वैज्ञानिकांनी मुद्दाम काही गोफर आणून राखेच्या दोन तुकड्यांवर फक्त एक दिवस कुंपणात सोडले. सहा वर्षांनी तिथं चाळीस हजार झाडं-रोपं होती आणि भोवती जवळजवळ उजाड. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की त्या एका दिवसाचा परिणाम मातीतल्या बुरशीवर चाळीस वर्षांनंतरही टिकून आहे.

आता तुमचं काम. समजा, १७ मेच्या शनिवारी त्या पन्नास गाड्यांत तुमच्या घरची गाडी आहे. घरात शिरायला मिळालंय, पण तुमच्या वाट्याला जागा एका पिशवीपुरतीच. काय घ्याल? पाचच वस्तू लिहायच्या आणि आई-बाबांनाही त्यांच्या पाच लिहायला सांगायच्या, एकमेकांना न दाखवता. दोन्ही याद्या एकाच पाकिटात घालून धाडा. मांजर ही वस्तू धरायची की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा.